इलियम आणि इलियम: सारख्या इंग्रजी शब्दांचं एक ॲप, चार महिने वापरून

मी वैद्यकीय ट्रान्स्क्रिप्शन करते. डॉक्टर बोलून रेकॉर्ड करतात, ती फाइल हेडफोनवर ऐकायची आणि इंग्रजीत टाइप करायची. हे काम करत मला अकरा वर्षं झाली. शाळा सगळी मराठी माध्यमात झाली. इंग्रजी आधी डोळ्यांनी शिकले, कानावर पडलं ते फार उशिरा. त्यामुळे वाचताना स्वच्छ वेगळे दिसणारे शब्द ऐकताना एकमेकांत मिसळतात, आणि काही शब्दांचं नेमकं उलटं होतं.

गेल्या वर्षी पाऊल वर उचलता न येणाऱ्या एका रुग्णाचा अहवाल माझ्याकडे आला. डॉक्टर बोलत होते गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने खाली जाणाऱ्या नसेबद्दल, म्हणजे पेरोनिअल नर्व्हबद्दल. मी टाइप केलं पेरिनिअल. पेरिनिअल म्हणजे दोन मांड्यांच्या मधला, बसल्यावर टेकणारा भाग. आमच्याकडे अहवाल तपासणाऱ्या ताईंनी चूक पकडली, म्हणून ती पुढे गेली नाही. पण मी ती फाइल पुन्हा तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा मला पेरिनिअलच ऐकू आलं. चुकीपेक्षा हे जास्त लागलं. त्याच रात्री सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांचा सराव देणारं हे ॲप फोनवर घेतलं. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक ॲपांना लागू पडेल, आणि तक्रारी एकट्या त्याच्याच माथी मारायच्या नाहीत.

ॲपचे तीन भाग आहेत: ऐकण्याचा, पाहण्याचा आणि नियमांचा. तिन्हींची गुणवत्ता इतकी वेगळी आहे, की ती एकाच माणसाने केली असतील असं वाटत नाही.

आधी ऐकण्याचा भाग, कारण ॲप ठेवायचं ते याच्यासाठी. पडद्यावर दोन शब्द दिसतात, आवाज एकच शब्द म्हणतो, तुम्ही ओळखून बोट ठेवायचं. बरोबर की चूक ते लगेच कळतं, आणि चुकल्यास दोन्ही शब्द लागोपाठ ऐकवले जातात. यातली खरी गोष्ट आवाजांची आहे. एकच शब्द बाईच्या, पुरुषाच्या, म्हाताऱ्या माणसाच्या, स्कॉटिश आणि अमेरिकन वळणाच्या अशा वेगवेगळ्या आवाजांत येतो. पहिल्या आठवड्यात याचा त्रास झाला. एका बाईंच्या आवाजातली जोडी पक्की झाली म्हणावं, तर पुढचा आवाज आला की पुन्हा पाटी कोरी. पण हाच त्रास उपयोगी आहे. १९९१ साली लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांचा जपानी भाषकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानी माणसाला इंग्रजी 'आर' आणि 'एल' वेगळे ऐकू येणं फार अवघड जातं. या लोकांना अनेक जणांच्या आवाजात शब्दांच्या जोड्या ऐकवून, लगेच उत्तर सांगून सराव दिला, आणि मोठ्या वयातही त्यांची ओळख सुधारली. आपल्याकडे गाण्याच्या बाबतीत कान तयार होणं म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. कान तयार व्हायला एकाच गायकाचं एकच रेकॉर्डिंग पुरत नाही.

माझी सगळ्यात जुनी अडचण 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची. इथे मराठीची एक चांगली गोष्ट आहे. आपण व्हॅन, व्हिडिओ, व्हायरस लिहितो आणि वॉच, वॉर्ड, वेटर लिहितो, म्हणजे लिपीत आपण हे दोन ध्वनी निदान वेगळे ठेवले आहेत. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, हा फरक मराठी वाचकाला कागदावर कळतो. पण आपल्या 'व्ह'मध्ये एक हकार आहे, आणि इंग्रजी 'व्ही'मध्ये तो अजिबात नाही. तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि हवा घासत बाहेर पडते, एवढंच. मी इतकी वर्षं तो हकार शोधत होते. तो ऐकू आला नाही की शब्द 'डब्ल्यू'चा ठरवून मोकळी. हकार शोधायचा नाही, घर्षण शोधायचं, हे कळल्यावर तीन आठवड्यांत वीसपैकी अकरावरून वीसपैकी एकोणीसवर आले. ॲपने हे सांगितलं नव्हतं. पण चुकल्यावर दोन्ही शब्द लागोपाठ ऐकवण्याची त्याची पद्धत आहे, त्यामुळे ते मला सापडलं.

शिप आणि शीप, म्हणजे जहाज आणि मेंढी, ही जोडी प्रत्येक ॲपमध्ये असते. पण मराठी माणसाला ती का जड जाते याचं कारण मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. ते आपल्याच व्याकरणात आहे. मराठी अकारान्त शब्दांतलं शेवटून दुसरं अक्षर इकार-उकाराचं असलं की दीर्घ लिहायचं, हा नियम आपण शाळेत पाठ केला: वीट, कीड, मूल, चूल, फूल. तत्सम शब्द वगळायचे. हा नियम कागदावरच राहिलेला नाही, आपली जीभही तशीच वळलेली आहे. शेवटी व्यंजन आलं की आधीचा स्वर आपण आपोआप ओढतो. म्हणून शिपचं शीप होतं, बिटचं बीट होतं, आणि भरलेला या अर्थाचा 'फुल' आपण फुलासारखा 'फूल' म्हणतो, जो इंग्रजाच्या कानाला मूर्ख या अर्थाचा शब्द वाटतो. बोलताना जे एक करतो ते ऐकतानाही एकच ऐकतो.

पुढची अडचण आणखी बारीक आहे. आपण ऱ्हस्व-दीर्घ म्हणतो तेव्हा मनात फक्त वेळ असतो. एक मात्रा, दोन मात्रा. इंग्रजीत या दोन स्वरांत जिभेची जागाही बदलते. शिपमधला स्वर थोडा सैल आणि खालचा, शीपमधला ताणलेला आणि वरचा. नुसता वेळ मोजत बसलं तर फसायला होतं, कारण शेवटी 'टी' असला की इंग्रजीत आधीचा स्वर आखडतो आणि 'डी' असला की पसरतो. त्यामुळे ठोकणे या अर्थाचा 'बीट' आणि बोली लावणे या अर्थाचा 'बिड' यांची लांबी खूप जवळ येते. ॲपमध्ये आवाज हळू करायची सोय आहे. माझं स्पष्ट म्हणणं आहे की स्वरांच्या जोड्यांसाठी ती वापरू नका. हळू केलं की शिपसुद्धा लांबतो आणि आपला मात्रा मोजणारा कान आणखी गोंधळतो. मी ती सोय बंद केली आणि स्वराचा रंग ऐकायचा प्रयत्न केला. अजून वीसपैकी सतराच्या वर गेले नाही.

मॅन आणि मेन मला कधीच जड गेले नाहीत. 'ॲ'साठी मराठीने चंद्र काढून ठेवला आहे, त्याचा हा फायदा. पण इथेच ॲपचा एक दोष दिसतो. शब्दाखाली देवनागरीत उच्चार दाखवायची सोय आहे आणि ती हिंदी वळणाची आहे. व्हॅनला 'वैन' आणि मॅनला 'मैन' असं तिथे लिहिलेलं येतं. मराठी वाचक तो शब्द आपल्या 'ऐ'सारखा वाचणार. शिवाय 'व्ह' आणि 'व'चा आपण राखलेला फरकही त्यात पुसला जातो. मराठी वाचकांनी ही सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

आता मुख्य तक्रार. ऐकण्याच्या भागात ॲपने अशाही जोड्या घातल्या आहेत ज्यांचा उच्चार अगदी एकच आहे. टपाल आणि पुरुष या अर्थांचे दोन 'मेल'. तोडणे आणि गाडी थांबवणे या अर्थांचे दोन 'ब्रेक'. वैद्यकीय शब्दांच्या संचात तर इलियम आणि इलियम. एक 'आय-एल-ई-यू-एम', म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. दुसरा 'आय-एल-आय-यू-एम', म्हणजे कमरेचं पसरट हाड. दोन्ही उच्चारात सारखेच. आवाज आला 'इलियम', पडद्यावर दोन पर्याय, ओळखा! मी हेडफोन बदलला, आवाज वाढवला, डोळे मिटून ऐकलं. वीसपैकी दहा, मग नऊ, मग अकरा. दोन दिवस मला वाटत होतं की माझ्या कानात काहीतरी कमी आहे. नाणं उडवलं असतं तरी हाच निकाल आला असता, हे लक्षात यायला दोन दिवस गेले. आधीच स्वतःच्या इंग्रजीबद्दल धास्ती असलेल्या माणसाला अशा प्रश्नावर 'चूक' असं लाल अक्षरांत दाखवणं ही साधी चूक नाही. त्याचा कानावरचा विश्वासच उडेल, आणि ज्या जोड्या कानाने खरंच ओळखता येतात त्यांचाही सराव तो सोडून देईल.

याच्याच जवळचा दुसरा दोष. बाज या अर्थाचा 'कॉट' आणि पकडलं या अर्थाचा 'कॉट' ब्रिटिश उच्चारात वेगळे आहेत, पण कितीतरी अमेरिकन आणि कॅनडातली माणसं ते एकसारखेच म्हणतात. ॲपमधला एक अमेरिकन आवाज दोन्ही सारखेच म्हणतो, आणि तरी ॲप त्याच्याच आवाजावर परीक्षा घेतं.

इंग्रजीत असे शब्द एवढे का, याचं उत्तर नियमांच्या भागात असायला हवं होतं, पण तिथे ते नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली. छापील पुस्तकांमुळे शब्दांचं लेखन हळूहळू ठरत गेलं. पण त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीचे दीर्घ स्वर तोंडातल्या जागा बदलत होते. लेखन गोठलं आणि उच्चार पुढे गेला. समुद्र आणि पाहणे हे दोन 'सी' पूर्वी वेगळे उच्चारले जात. 'ई-ए' आणि 'ई-ई' हे त्या फरकाचे उरलेले अवशेष आहेत. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' पूर्वी खरोखर उच्चारत असत. हे कळल्यावर मला इंग्रजी स्पेलिंगचा राग यायचा थांबला. आपणही दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब हा भेद लिहिताना जपतो, बोलताना त्याची फारशी पत्रास न ठेवता.

काही जोड्या तर मुळात एकच शब्द होत्या. स्थिर या अर्थाचा आणि वह्या-कागद या अर्थाचा, हे दोन 'स्टेशनरी' घ्या. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत, पण विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणाऱ्याची जागा ठरलेली असे. एका जागी असतो तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडे मिळतं ते स्टेशनरी. म्हणजे वहीतही ते स्थिर असणं लपलेलं आहेच, फरक फक्त शेवटच्या 'ए-आर-वाय' आणि 'ई-आर-वाय'चा. रोमन 'ए' म्हणजे आपला 'अ', आणि 'अ' म्हणजे अचल, असं मी लक्षात ठेवलं. विवेकाने वागणारा आणि सुटा-सुटा या अर्थांचे दोन 'डिस्क्रीट' हेही एकाच लॅटिन शब्दाची मुलं आहेत.

पाहण्याच्या भागात दोन शब्द शेजारी-शेजारी ठेवून, दोघांचे अर्थ देऊन, लगेच परीक्षा घेतात. ही पद्धत सगळीकडे आहे आणि मला ती चुकीची वाटते. ज्याला दोनांपैकी एक शब्द आधीच पक्का माहीत आहे त्याला ती चालेल. पण दोन्ही कच्चे असतील तर दोघांना एकत्र भेटवल्याने त्यांची गाठच पक्की होते. मग आयुष्यभर एक आठवला की दुसरा सोबत येतो, आणि 'यातला कुठला?' हा प्रश्न कधी सुटत नाही. बाटिया लाउफर या भाषाअभ्यासकांनी १९८८ मध्ये अशा एकमेकांसारख्या दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या शब्दांना 'सिनफॉर्म' असं नाव देऊन त्यांच्या गोंधळाचा अभ्यास मांडला होता. मी स्वतः जोड्यांचा खेळ सोडला. आधी डिस्फेजिया एकटा घेतला, म्हणजे गिळायला त्रास. दहा-बारा खऱ्या वाक्यांतून तो अंगवळणी पडल्यावर मगच डिस्फेजियाच्या शेजारचा डिस्फेझिया, म्हणजे भाषा वापरायला त्रास, हातात घेतला. पहिल्यात 'जी' अक्षर आहे, ग गिळण्याचा. दुसऱ्यात त्या जागी 'एस' आहे, स संवादाचा. ॲपमध्ये जोडीतला एकच शब्द निवडून त्याचा सराव करायची सोय नाही. ती द्यावी अशी विनंती मी बनवणाऱ्यांना कळवली आहे.

अशा खुणा ॲप इंग्रजीत देतं, आणि त्या इंग्रजी माणसासाठीच आहेत. आपल्याला आपल्या लागतात. इलियमची माझी खूण अशी: हाडाचे इलियम शरीरात दोन, उजवं आणि डावं, म्हणून त्यात 'आय'ही दोन. आतडं एकच, 'आय' एकच. ही मी एकदा आमच्या नव्या मुलीला सांगितली आणि तिला पुन्हा विचारावं लागलं नाही.

नियमांचा भाग थोडक्यात संपवते, कारण तो थोडक्यातच वाचण्यासारखा आहे. 'ॲफेक्ट' म्हणजे क्रियापद आणि 'इफेक्ट' म्हणजे नाम, असं कार्डावर ठामपणे लिहिलं आहे. मानसोपचाराच्या अहवालात 'ॲफेक्ट' हे नाम रोज येतं, चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसणारा भाव या अर्थाने. आणि 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतं, घडवून आणणे या अर्थाने. मी सुरुवातीच्या काळात हाच नियम पाळून बरोबर असलेले शब्द 'दुरुस्त' केलेले आहेत. 'प्रॅक्टिस'बद्दलही तसंच. ब्रिटिश लेखनात नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने, अमेरिकन लेखनात दोन्ही 'सी'ने. ॲप फक्त पहिलं सांगतं. सल्ला आणि सल्ला देणे, ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ, हे कार्ड मात्र चांगलं आहे. तिथे लेखनाबरोबर उच्चारही बदलतो हे नीट ऐकवलं आहे, आणि आपल्या 'स' आणि 'झ'च्या सवयीला ते लगेच पटतं.

माझ्या कामासाठी सगळ्यात जोखमीचे शब्द या ॲपमध्ये नाहीतच, कारण ते सुटे ओळखता येत नाहीत. अमेरिकन डॉक्टर 'कॅन' आणि 'कॅन्ट' म्हणतात तेव्हा शेवटचा 'टी' बहुतेक वेळा गिळलेला असतो. ओळखायचं ते स्वरावरून. चालू शकतो म्हणताना 'कॅन' आखडून 'कन' होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. चालू शकत नाही म्हणताना 'कॅन' पूर्ण, जोर देऊन येतो. हे पूर्ण वाक्यातच ऐकायला हवं. फिफ्टीन आणि फिफ्टी तसेच. पंधरा मिलिग्रॅम की पन्नास? एकात जोर सहसा शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला, पण पुढे दुसरा शब्द आला की पंधराचाही जोर सुरुवातीला सरकतो. म्हणून औषधांची मात्रा तोंडी सांगताना आकडे सुटे म्हणावेत असं शिकवतात: वन फाइव्ह, फाइव्ह झीरो. काळजी घेणारे डॉक्टर ॲबडक्शन आणि ॲडक्शनही 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असे अक्षरं फोडून म्हणतात, कारण हात शरीरापासून दूर नेला की जवळ आणला हे एका अक्षरावर अवलंबून असतं. असे डॉक्टर फाइलवर आले की मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. बाकीच्यांच्या बाबतीत आमचा नियम साधा आहे. खात्री नसेल तर जागा रिकामी सोडायची, वेळेची नोंद करायची आणि विचारायचं.

तर ॲप घ्यावं का? ज्यांना इंग्रजी वाचता येतं पण ऐकताना धांदल उडते त्यांनी नक्की घ्यावं, फक्त ऐकण्याच्या भागासाठी, रोज दहा-पंधरा मिनिटं, हेडफोन लावून. एकाच उच्चाराच्या जोड्या दिसल्या की सरळ पुढे जावं. स्पेलिंगसाठी घेत असाल तर त्यापेक्षा ज्यात भरपूर उदाहरणवाक्यं आहेत असा एक चांगला कोश जवळ ठेवा.

आणि ज्या जोडीसाठी मी हे सगळं सुरू केलं, ती पेरोनिअल आणि पेरिनिअल. चार महिने कान तयार केल्यावर मी ती जुनी वाक्यं पुन्हा ऐकली. दोन्ही शब्दांत जोर 'नी'वर आहे. फरक आहे तो फक्त बिनजोराच्या मधल्या स्वरात, आणि बोलण्याच्या ओघात तो जवळपास पुसून जातो. माझा कान तेव्हाही फारसा चुकला नव्हता. तिथे ऐकण्यासारखं फार काही नव्हतंच. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शरीररचना-परिभाषेत या नसेला 'फिब्युलर' हे नाव पुढे केलं आहे. ते जे डॉक्टर वापरतात त्यांच्या फाइलवर मला थांबावं लागत नाही. पण जुनं नाव अजून बरेच जण घेतात. ते ऐकू आलं की मी आता आवाज मागे नेऊन पुन्हापुन्हा ऐकत नाही. पाच सेकंद पुढे ऐकते आणि त्या वाक्यात पाऊल, घोटा, गुडघा कुठे आहे का ते शोधते.